घोड्यांचा फिरता दवाखाना: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

घोड्यांचा फिरता दवाखाना सुरू करायचं ठरलं की बहुतेक जण आधी गाडी बघायला जातात. मग गाडीत काय बसतं त्यावर सामान ठरतं, सामान आहे म्हणून सेवा ठरतात, आणि किती लांब जायचं हे फोन येईल तसं ठरत जातं. हा क्रम बरोबर उलटा आहे. खाली तो सुलट मांडला आहे.

लेख पशुवैद्यकांसाठी आहे. औषधांचे आकडे उजळणीपुरते आहेत. समोरचा घोडा आणि बाटलीवरचं लेबल पाहूनच मात्रा ठरवायची. घोडामालकांनी टप्पा ३ जरूर वाचावा, पण सुई हातात घेऊ नये.

## टप्पा १: हद्द मिनिटांत आखा

नकाशावर किलोमीटरचं वर्तुळ काढून उपयोग नाही. ग्रामीण भागात बारा किलोमीटरला कधी पंधरा मिनिटं लागतात, कधी पन्नास. म्हणून दोन हद्दी ठरवा.

आतली हद्द तातडीच्या कामाची. रात्री, पावसात, एकट्याने गाडी चालवत ४५ मिनिटांच्या आत जिथे पोचता येतं तेवढीच. बाहेरची हद्द नियमित कामांची: लसीकरण, दातांच्या टोकदार कडा कानशीने घासणं, गाभण तपासणी, जुना लंगडेपणा. या हद्दीत ठरलेल्या वारीच जायचं, आणि तिथल्या मालकांना पहिल्याच भेटीत सांगायचं की मध्यरात्री मी तुमच्याकडे वेळेत पोचू शकणार नाही, त्या वेळी अमुक डॉक्टरांना फोन करा. हे सांगायला जड जातं. पण न सांगता रात्री दोन तास उशिरा पोचणं मालकाला आणि घोड्याला त्याहून जड जातं.

आतल्या हद्दीतही घोडीच्या वेण्याबाबत भ्रम नको. पाणमोट फुटल्यापासून शिंगरू साधारण २० ते ३० मिनिटांत बाहेर येतं. अडलेल्या वेणीला तुम्ही वेळेत पोचाल याची खात्री नाही. म्हणून ज्यांच्याकडे गाभण घोडी आहे त्यांना शेवटच्या महिन्याच्या आधीच बसवून शिकवा. ते काम फोनवर होत नाही.

हद्द ठरली की तीन फोन नंबर मिळवा: घोड्याच्या पोटाची शस्त्रक्रिया होते असं सर्वांत जवळचं रुग्णालय, रात्री घोडा चढवून नेणारी गाडी आणि तिचा चालक, आणि तुम्ही आजारी किंवा अडकलेले असताना जाणारा दुसरा पशुवैद्यक. तिघांशी प्रत्यक्ष बोला. गाडीच्या चालकाला तर विचाराच की फळी घसरडी आहे का, आणि आत घोडा आडवा झाला तर तो काय करेल. उत्तरावरून माणूस कळतो.

फीचा हिशेबही इथेच करा. चाकामागे गेलेला तास हा कामाचा तास आहे. इंधनाचे पैसे लावून प्रवासाचा वेळ फुकट देणं ही या धंद्यातली सर्वांत महागडी सवय. भेटीची फी वेगळी, कामाची वेगळी, औषधांची वेगळी ठेवा. एका वस्तीवर त्याच दिवशी चार घोडे दाखवले तर भेटीची फी चौघांत वाटून द्या. मग मालक आपणहून शेजाऱ्यांना गोळा करतात आणि तुमच्या फेऱ्या वाचतात.

तपासा: तीनही नंबर पाठ आहेत का? फोन बंद पडला तरी गाडीत कागदावर लिहिलेले सापडतील का?

## टप्पा २: आधी सामान जमिनीवर मांडा, मग गाडी निवडा

मोकळ्या जागेत चादर पसरा आणि एकेका कामाचं सामान वेगवेगळं मांडा. पोटशुळाचा एक ढीग: जठरनळी दोन जाडीच्या, पंप, दोन बादल्या, वंगण, लांब हातमोजे, शिरेत ठेवायचे कॅथेटर, सलाईन. जखमेचा एक, खुराचा एक, वेणीचा एक, दातांचा एक. प्रत्येक ढीग एका पेटीत बसला पाहिजे. रात्री चिखलातून ठाणापर्यंत गाडी जात नाही, एक पेटी उचलून चालत जावं लागतं. औषधांच्या नावाप्रमाणे कप्पे लावलेली गाडी दिसते छान, पण पोटशुळाच्या घोड्यापाशी उभं राहिल्यावर सहा वेळा गाडीकडे पळवते.

सर्व पेट्या भरल्यावर वजन करा, त्यात पाण्याचं वजन मिळवा. किमान २० लिटर स्वच्छ पाणी स्वतःचं हवं. कुठल्या ठिकाणी पाणी मिळेल आणि कसलं मिळेल हे हातात नसतं. आता गाडी बघा. जड वस्तू खाली आणि जखडून, स्वच्छ भाग आणि मळका भाग वेगळा, वापरलेल्या सुयांचा कठीण डबा हाताशी, गुंगीची आणि दयामरणाची औषधं कुलपात.

काही वस्तू दोन-दोन हव्यात: स्टेथोस्कोप, थर्मामीटर, डोक्याला बांधायचा दिवा आणि मोरकी. मालकाची मोरकी तुटायला आलेली असते, आणि ती तुटते नेमकी तुम्ही मागच्या पायापाशी असताना.

लसींची साखळी हा सर्वांत दुर्लक्षित भाग. २ ते ८ अंश सेल्सिअस म्हणजे गोठणंही चालत नाही. बर्फाच्या पिशवीला चिकटून ठेवलेली लस गोठून निकामी होते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मध्ये पुठ्ठा किंवा कापड ठेवा, आणि दिवसभरातलं किमान-कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर पेटीत ठेवा. लस सोडून इतर औषधांनाही उन्हात उभ्या गाडीतली उष्णता सोसत नाही; दुपारी गाडी सावलीत लावणं हा आळस नाही, औषधसाठ्याची काळजी आहे.

हातातलं एक्स-रे यंत्र घ्यायचं असेल तर त्यासोबत शिशाचे एप्रन, हातमोजे आणि प्लेट धरायचा लांब दांडा त्याच दिवशी घ्या. प्लेट उघड्या हाताने धरायची नाही, मग घोडा कितीही शांत असो. अंतर दुप्पट केलं की किरणांची मात्रा चौथाईवर येते. हा सर्वांत स्वस्त बचाव आहे. गरोदर बाई आणि मुलं त्या वेळी आवारातही नकोत. महागडी यंत्रं पहिल्या वर्षी घेण्याची घाई नको, असं माझं मत. रक्तातलं लॅक्टेट मोजणारं छोटं यंत्र पोटशुळात जितकं कामी येतं तितकी बरीच मोठी यंत्रं येत नाहीत.

इशारा: झायलाझिन हे शामक २० मिलिग्रॅम आणि १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर अशा दोन्ही ताकदींत मिळतं. गाडीत एकच ताकद ठेवा. अंधारात बाटली बदलली तर मात्रा पाचपट होते.

## टप्पा ३: फोनवरची पाच मिनिटं

निम्म्या चुका गाडी सुरू होण्याआधीच होतात, कारण फोनवर "घोडं आजारी आहे, लवकर या" एवढंच ऐकून माणूस निघतो. प्रश्नांचा क्रम ठरवून घ्या आणि तो मोडू नका.

१. कुठे आहात, आणि हा फोन तुटला तर दुसरा कुठला?
२. घोडा उभा आहे का? उठवला तर उठतो का?
३. काय दिसतंय? रोगाचं नाव नको, दिसतं ते सांगा: लोळतो, कुशीकडे बघतो, लाळ गळते, पाय टेकत नाही.
४. कधीपासून? शेवटचं नीट कधी पाहिलं? शेवटची लीद कधी?
५. आतापर्यंत काय दिलं? कोणतं औषध, किती, किती वाजता?
६. धरायला माणूस आहे का, उजेड आहे का?

पाचव्या प्रश्नाचं खरं उत्तर पहिल्यांदा मिळत नाही. "काहीच दिलं नाही" म्हणतात, आणि पोचल्यावर कोनाड्यात रिकामी बाटली दिसते. "बरेच जण फ्लुनिक्सिन (वेदनाशामक) देतात, तुम्ही दिलं असेल तर मला आत्ता कळलेलं बरं" असं विचारलं की उत्तर येतं.

मग तुम्ही पोचेपर्यंत काय करायचं ते सांगा. थोडकं आणि ठाम.

पोटशूळ: चारा काढून घ्या, घोडा मोकळ्या जागी आणा. शांत उभा राहत असेल तर राहू द्या. तासन्‌तास फिरवून दमवू नका. तोंडाने तेल, काढा, सोडा काहीही ओतू नका. बाटलीने ओतलेलं फुप्फुसात गेलं तर पोट बरं होऊनही घोडा न्यूमोनियाने जातो.

अन्ननळीत घास अडकलेला: चारा आणि पाणी दोन्ही काढा, डोकं खाली राहू द्या, तोंडात हात घालू नका. लाळ गळणं आणि गिळता न येणं रेबीजमध्येही दिसतं. वागणूक बदललेली असेल, चाल डगमगत असेल तर घोड्याजवळ कोणी जाऊच नका. तुमची स्वतःची रेबीज प्रतिबंधक लस झालेली नसेल तर हा धंदा सुरू करण्याआधी ती घ्या.

जखम: स्वच्छ कापडाने दाबून धरा, पूड-तेल-ग्रीस काही लावू नका. सांध्याजवळची बारीक जखम लांबलचक फाटलेल्या कातडीपेक्षा घातक असू शकते. सांध्यात जंतू शिरले का हे काही तासांत ठरवावं लागतं.

खुरात खिळा: आणखी आत जाण्याचा धोका नसेल तर काढू नका. काढावाच लागला तर कुठे, कोणत्या कोनात आणि किती खोल होता याचा फोटो घ्या.

वेणारी घोडी: शुभ्र पडद्याऐवजी लाल, मखमली पिशवी बाहेर आली तर ती लगेच फाडा, माझी वाट बघू नका. शिंगराचं फक्त एकच पाऊल किंवा नुसतं शेपूट दिसत असेल तर मी येईपर्यंत घोडीला उठवून चालतं ठेवा, म्हणजे कळा थोड्या मंदावतात.

नंतरच्या फोनसाठी सोपं मोजमाप देऊन ठेवा: शिंगरू एका तासात उभं, दोन तासांत प्यायला, आणि तीन तासांत जार बाहेर. जार तीन तासांनंतरही अडकलेला असेल तर तो ओढायचा नाही, फोन करायचा. घोडीला त्यातून गर्भाशयाचा दाह आणि खुरदाह होतो. गाईसारखी ती दिवसभर सहन करत नाही. गाईम्हशींची सवय असलेल्या मालकांना हे दोनदा सांगावं लागतं.

## टप्पा ४: दिवस लावताना

सकाळी आधी निरोगी घोडे, त्यातही शिंगरं आणि गाभण घोड्या. मग लंगडे आणि दातांचे. ताप, नाक वाहणं, गळ्याला गाठी असलेले सर्वांत शेवटी. रस्ता सोयीचा पडतो म्हणून हा क्रम फिरवू नका. स्ट्रँगल्स (गळ्याला गाठी आणणारा घोड्यांचा संसर्गजन्य रोग) किंवा इन्फ्लुएंझा तुमच्या बुटांवरून, बाहीवरून आणि जठरनळीवरून पुढच्या पागेत पोचतो, आणि मग पागेत रोग कोणी आणला याचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं.

दिवसाचा साधारण चौथा हिस्सा रिकामा सोडा. तातडीचा फोन आला नाही तर जुन्या घोड्यांची विचारपूस, नोंदी, बिलं त्यात होतात. पूर्ण भरलेला दिवस पहिल्याच पोटशुळाने कोसळतो आणि उरलेल्या पाच जणांना नाराज करतो.

दातांचं काम एका दिवशी किती घ्यायचं यालाही मर्यादा हवी. खांदा आणि मनगट आधी बोलतात, डोकं नंतर. थकलेल्या हातात मुखविस्फारक (तोंड उघडं ठेवणारी लोखंडी चौकट) असलेला घोडा म्हणजे डोक्याला लोखंड बांधलेला घोडा; त्याने मान झटकली तर समोरच्याचं कपाळ फुटतं.

तपासा: निघताना घरी कोणाला तरी आजचा मार्ग आणि परतीची वेळ माहीत आहे का? एकट्याने रात्रीची भेट असेल तर पोचल्यावर आणि निघताना निरोप द्या.

## टप्पा ५: ठाणावर पहिली पाच मिनिटं

पेटी उघडण्याआधी लांबून बघा. श्वास कसा, वजन कोणत्या पायावर, कुशी आत गेल्या आहेत का, अंगावर ताजे ओरखडे आहेत का. डोळ्यांवर आणि कमरेच्या हाडावर खरचटलेलं असेल तर मालक काहीही म्हणो, घोडा रात्रभर लोळला आहे.

मग जागा ठरवा. घसरणारी फरशी, खाली आलेला पत्रा, तारेचं कुंपण, भोवती उभी मुलं: यातलं एक जरी असेल तर घोडा हलवा. अगाडी-पिछाडीने जखडलेला घोडा सुरक्षित वाटतो. घाबरला तर तोच सर्वांत धोक्याचा, कारण त्याला मागे हटायला जागाच नसते. पिछाडी सोडा आणि मोरकीचा दोर माणसाच्या हातात द्या. दोर हाताला गुंडाळायचा नाही.

धरणारा माणूस तुम्ही निवडा. मालक असेलच असं नाही. बऱ्याचदा मोतद्दार जास्त भरवशाचा असतो आणि घोड्याला त्याचा आवाज ओळखीचा असतो. त्याने तुमच्याच बाजूला उभं राहायचं. घोडा बिथरला तर तो डोकं तुमच्या बाजूला वळवेल आणि मागचे पाय तुमच्यापासून दूर जातील. हे त्याला आधी करून दाखवा. मागून जायचं असेल तर एक तर अगदी अंगाला लागून, नाही तर लाथेच्या टप्प्याबाहेरून, तीन मीटरवरून. मधली जागा मार खायची आहे. डोक्यावर हेल्मेट घालताना लोक हसतात, हसू द्या.

कोणी धरायलाच नसेल तर काम करू नका. "माझा घोडा काही करत नाही" हे वाक्य मालकाबद्दल माहिती देतं, घोड्याबद्दल नाही.

## टप्पा ६: तपासणी, औषधाच्या आधी

पोटशुळाचं उदाहरण घेऊ. तातडीच्या फोनांत तो सर्वांत जास्त येतो आणि क्रम चुकला की माहिती कायमची हरवते.

पहिलं, नाडी. निरोगी प्रौढ घोड्याची मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. दुखण्याने नाडी वाढते, पण ६० च्या वर टिकून राहिली तर सावध व्हा. ८० च्या वर आणि हिरड्या काळपट असतील तर मालकाशी गंभीर बोलणं आत्ताच सुरू करा. हे आकडे वेळेसकट लिहा. हायोसिनचं (आतड्याचा पेटका सोडवणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन दिल्यावर नाडी अर्धा-पाऊण तास वाढलेली राहते, तेव्हा ती मोजून काही कळत नाही. आधी देऊन मग मोजणारे बरेच आहेत.

दुसरं, हिरड्या आणि पोटाचे आवाज. हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परत यावा. दोन्ही कुशींत वर आणि खाली, अशा चार जागी, प्रत्येकी किमान एक मिनिट ऐका. घाईत दहा सेकंद ऐकून "आवाज नाहीत" लिहिलं जातं. तापमान गुदतपासणीच्या आधी घ्या, कारण हवा आत शिरली की ते खोटं कमी येतं.

तिसरं, जठरनळी. घोड्याला उलटी करता येत नाही. जठरात पाणी तुंबलं तर बाहेर पडायला वाट नाही, जठर फुटतं. नाडी वाढलेली असेल तर नळी हे पुढचं काम. गुदतपासणीलाही थांबू नका. नळी नाकाच्या खालच्या मार्गाने, घोड्याने गिळल्यावर सारा, डाव्या बाजूला मानेत ती जाताना दिसली किंवा हाताला लागली पाहिजे. नळीच्या बाहेरच्या टोकाला तोंड लावून हवा ओढल्यावर अडथळा जाणवतो. मोकळी हवा आली तर ती श्वासनलिकेत आहे. खात्री होईपर्यंत एक थेंबही सोडू नका. नाकातून रक्त आलं तर मालक घाबरतो; ते थांबतं, हे नळी घालण्याआधीच सांगून ठेवा.

आत सोडलेलं पाणी वजा करून दोन लिटरपेक्षा जास्त परत आलं तर तोंडाने काहीही द्यायचं नाही. तेल नाही, मीठ नाही. नळी तशीच ठेवा.

चौथं, गुदतपासणी. घोडा हलत असेल, जोर करत असेल तर आधी शामक, मग भरपूर वंगण. आतडं फाटण्याचा धोका खरा आहे आणि तो मालकाला आधी सांगायचा. हातमोज्यावर ताजं रक्त दिसलं तर थांबा, लपवू नका, लगेच सांगा. लहान घोड्यात किंवा शिंगरात ही तपासणी टाळा.

पाचवं, मिळालं तर रक्त. लॅक्टेट २ मिलिमोल प्रति लिटरच्या आत असणं दिलासा देतं. एका आकड्यापेक्षा तासाभराने तो कुठे गेला हे जास्त बोलतं.

घोडा स्वतःला आपटतच असेल तर अर्थात हा क्रम तुटतो. तेव्हा हृदयाचे ठोके पंधरा सेकंद ऐका, झायलाझिन द्या, आणि मग वरून सुरुवात करा.

## टप्पा ७: सुई

आधी वजन. नजरेने काढलेलं वजन बहुधा चुकतं. मापनपट्टी घ्या: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ११,८७७. घेर १८० आणि लांबी १६० असेल तर वजन सुमारे ४३६ किलो. फ्लुनिक्सिन १.१ मिलिग्रॅम प्रति किलोने ४८० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ताकदीचं साडेनऊ मिलिलिटरच्या थोडं वर. गाढवाला हे सूत्र लागू नाही.

मानेच्या शिरेत सुई वरच्या तिसऱ्या हिश्श्यात घाला. तिथे शीर आणि धमनी यांच्यामध्ये स्नायूचा पडदा असतो; खाली तो नसतो. सिरिंज न लावता सुई घाला आणि रक्त कसं येतं ते बघा. लालभडक रक्त उसळत आलं तर ती धमनी आहे. धमनीतून औषध थेट मेंदूत जातं आणि घोडा तुमच्या अंगावर कोसळतो.

फ्लुनिक्सिन शिरेतच. स्नायूत दिल्याने जिवाणूंमुळे स्नायू सडण्याचे प्रकार होतात. पूर्ण मात्रा बारा तासांच्या आत परत नाही. दुखणं त्याआधी परत आलं तर ती माहिती आहे, अजून एका इंजेक्शनचं कारण नाही. प्रोकेन पेनिसिलिन उलट: स्नायूतच, मागे ओढून रक्त येत नाही हे बघून.

शामक दिल्यावर तीन ते पाच मिनिटं कोणी बोलू नका, घोड्याला हात लावू नका. आधीच भडकलेल्या घोड्यावर मात्रा पुरत नाही, आणि मग माणसं एकावर एक देत जातात. मान खाली गेलेला घोडाही लाथ मारतो, आणि नेम चुकत नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत चारा नाही, नाहीतर घास अडकतो. नर घोड्यात ॲसेप्रोमाझिन हे शामक टाळलेलं बरं. लिंग आत न जाण्याचा त्रास कायमचा होऊ शकतो. रक्तस्राव झालेल्या, रक्तदाब घसरलेल्या घोड्याला तर ते देऊच नये.

इशारा: एक घोडा, एक सुई, एक सिरिंज. लसीकरणाच्या रांगेतही. घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय सुईवरच्या रक्तातून पसरतो, आणि त्याला औषध नाही.

धनुर्वाताची चौकशी प्रत्येक जखमेला आणि प्रत्येक खुराला करा. घोडा या विषाला फारच नाजूक आहे. सुरुवातीला चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन डोस झाले आहेत का आणि वर्षाचा डोस कधी झाला, हे विचारा. "मागे कधीतरी दिलं" याचा अर्थ दिलं नाही असा धरा.

## टप्पा ८: पाठवायचं, थांबायचं, की थांबवायचं

पहिल्या तपासणीनंतर लगेच मालकाला विचारा: शस्त्रक्रिया लागली तर नेणार का? आत्ता लागणार आहे म्हणून नव्हे, तर उत्तरावर पुढच्या सहा तासांची दिशा ठरते म्हणून. नेणार असेल आणि वेदनाशामक देऊनही दुखणं परत येत असेल, नाडी चढत असेल, नळीतून पाणी येत असेल किंवा गुदतपासणीत ताणलेली आतडी लागली असतील, तर अजून दोन तास बघू म्हणू नका. गाडी बोलवा, रुग्णालयाला आकडे आणि दिलेल्या औषधांच्या वेळा कळवा, नळी नाकाला शिवून किंवा बांधून आत ठेवा, आणि प्रवासाला इतकं शामक देऊ नका की घोडा गाडीत उभा राहणार नाही. स्वतः बरं करण्याच्या ईर्ष्येत उशिरा पाठवलेला घोडा शल्यचिकित्सकाच्या टेबलावर मरतो, पण चूक तिथली नसते.

दयामरणाचा निर्णय झाला तर औषध भरण्याआधी तीन गोष्टी: लेखी संमती, विमा असल्यास कंपनीला फोन, आणि मृतदेह कसा उचलायचा. ५०० किलोचा देह ठाणाच्या अरुंद दारातून निघत नाही, म्हणून चालता येत असेल तर घोड्याला मोकळ्या जागी न्या. आधी शामक, मग जाड कॅथेटरमधून पेंटोबार्बिटल. हृदय थांबलं आणि डोळ्याला स्पर्श केल्यावर पापणी हलत नाही हे स्वतः तपासल्याशिवाय "गेला" म्हणू नका. नंतरही श्वासाचा एखादा झटका येऊ शकतो, ते मालकाला आधीच सांगा.

इशारा: हे औषध मांसात राहतं. कुत्रे, कोल्हे, गिधाडं यांनी तो देह खाल्ला तर तेही मरतात. उघड्यावर टाकायचा नाही. स्थानिक नियमाप्रमाणे खोल पुरणं किंवा जाळणं, आणि माती पडेपर्यंत तिथे कोणीतरी थांबणं.

ग्लँडर्सची शंका, म्हणजे नाकात व्रण, चिकट स्राव, कातडीवर फुटणाऱ्या गाठी: हात आवरा, हातमोजे आणि मास्क घाला, घोडा वेगळा करा आणि सरकारी यंत्रणेला कळवा. हा रोग माणसाला होतो. उपचार सुरू करण्याचा मोह इथे गुन्हाही ठरू शकतो.

## टप्पा ९: निघण्याआधी

सूचना लिहून द्या आणि धरणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. "लक्ष ठेवा" ही सूचना नाही. "दर दोन तासांनी ठोके मोजा, ५० च्या वर गेले किंवा परत लोळला तर लगेच फोन, पहिली लीद झाली की वेळ कळवा, मी सांगेपर्यंत दाणा नाही" ही सूचना आहे. ठोके कसे मोजायचे हे जबड्याखालच्या धमनीवर त्याचं बोट ठेवून शिकवा.

नाकाच्या रोगाची शंका असलेल्या पागेत सर्वच घोड्यांचं तापमान दिवसातून दोनदा लिहायला लावा. स्ट्रँगल्समध्ये ताप आधी येतो आणि जंतू नाकातून पडायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. ताप आल्या दिवशीच वेगळा बांधलेला घोडा बाकीच्यांना वाचवतो.

बिल तिथेच द्या. चर्चा नंतर, हिशेब नंतर, पैसे नंतर, असं तीनदा झालं की मालक पुढच्या वेळी उधारीच्या संकोचाने फोनच उशिरा करतो, आणि घोडा हाल भोगतो.

नोंद गाडीत बसून, गाडी सुरू करण्याआधी लिहा: वेळ, आकडे, औषध, मात्रा, बॅच नंबर, काय सांगितलं. मालकाने नाकारलेला सल्लाही लिहा. खुराचं काम असेल तर नालबंदाला स्वतः फोन करा. मालकामार्फत गेलेला निरोप वाटेत बदलतो.

## टप्पा १०: दोन भेटींच्या मध्ये, आणि रात्री

बूट, बादली, नळी, हूफ टेस्टर (खूर दाबून बघायचा चिमटा) आधी साबणाने घासून धुवा, मग जंतुनाशक लावा आणि लेबलावर दिलेला वेळ ते ओलं राहू द्या. लीद-मातीवर ओतलेलं जंतुनाशक फुकट जातं. संशयित घोड्याला वापरलेला झगा वेगळ्या पिशवीत, गाडीच्या मळक्या भागात.

रात्री घरी आल्यावर पेट्या भरा, सकाळी नाही. पहाटे तीनला फोन येतो तेव्हा वंगण संपलेलं असतं. कुलपातल्या औषधांचा साठा वहीतल्या आकड्याशी जुळवा, लसीच्या पेटीतलं कमाल तापमान बघून लिहा, दिवे आणि लॅक्टेटचं यंत्र चार्जिंगला लावा, पाण्याचा कॅन आणि गाडीची टाकी भरा. मग दुपारच्या पोटशुळाच्या मालकाला फोन करा आणि लीद झाली का ते विचारा.